घरी तिरंगा लावताय? उतरवायची तयारी आधी करा

ऑगस्टचा दुसरा आठवडा आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरू लागतात. झेंडा कुठून घ्यायचा? परवानगी लागते का? रात्री उतरवायचा की राहू द्यायचा? १५ तारखेला दुपारी फोटो टाकून झाले की ग्रुप शांत होतो आणि १६ तारखेपासून त्या झेंड्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. ऐन पावसाळ्यातला दिवस हा. गणपती येईपर्यंत ग्रिलला चिकटलेले, रंग उतरलेले, कडा उसवलेले तिरंगे कुठल्याही गल्लीत दिसतात. लावणाऱ्याच्या मनात अनादर नसतो. उतरवायचं कुणी, कधी आणि मग ठेवायचं कुठे हे ठरलेलं नसतं, म्हणून तो तसाच लटकत राहतो.

आमच्या सोसायटीच्या झेंडावंदनाची तयारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नवे रहिवासी आले की घरी झेंडा कसा लावायचा हेही मलाच विचारतात. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय. लावण्यापेक्षा उतरवणं, सुकवणं आणि ठेवणं यावर जास्त लिहिलंय, कारण गोंधळ तिथेच होतो.

१. परवानगी आणि कागदपत्रं

काहीही लागत नाही. ना अर्ज, ना पोलीस ठाण्याची चिठ्ठी, ना ओळखपत्र. २६ जानेवारी २००२ पासून भारतीय ध्वजसंहिता लागू आहे आणि तेव्हापासून सामान्य नागरिक वर्षातल्या कुठल्याही दिवशी घरावर तिरंगा लावू शकतो. त्याआधी ही मोकळीक मोजक्या राष्ट्रीय दिवसांपुरती होती. उद्योगपती नवीन जिंदल यांना त्यांच्या रायगढच्या (आपलं रायगड नव्हे, आता छत्तीसगडात असलेलं रायगढ) कारखान्यावर रोज झेंडा लावू दिला जात नव्हता. ते कोर्टात गेले. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. याच महाराष्ट्रातल्या नागपुरात १९२३ साली नुसता झेंडा हातात घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालं तर तुरुंगात जावं लागत होतं, झेंडा सत्याग्रह त्यावरूनच झाला. त्या मानाने आपल्याला पाळायचे नियम फार सोपे आहेत.

दोन गोष्टींची गल्लत मात्र करू नका. ध्वजसंहिता म्हणजे झेंडा कसा लावावा याच्या सूचना. त्यापलीकडे राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा आहे. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर झेंडा जाळला, फाडला, तुडवला, विद्रूप केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही शिक्षा ऐकून काही जण झेंडा लावायलाच घाबरतात. घाबरायचं कारण नाही. नीट लावा, वेळेवर उतरवा.

‘हर घर तिरंगा’च्या वेळी सेल्फी अपलोड केल्यावर जे प्रमाणपत्र मिळतं ती हौस आहे, परवाना नव्हे. नाही काढलं तरी चालतं. सोसायटीत राहत असाल तर बाहेरच्या भिंतीला ड्रिलने भोक पाडण्याआधी कमिटीला विचारा. ती परवानगी भिंतीसाठी आहे, झेंड्यासाठी नाही. सेक्रेटरींशी वाद घालताना हा फरक उपयोगी पडतो.

२. सामान जमवा

झेंड्यासोबत लागणाऱ्या वस्तू एकाच पिशवीत भरून ठेवल्या की दरवर्षी शोधाशोध होत नाही. माझ्या पिशवीत हे असतं:

- गुळगुळीत काठी: बांबू, लाकूड किंवा ॲल्युमिनियमची पोकळ नळी. बाल्कनीतल्या ३ फुटी झेंड्याला ५ ते ६ फूट पुरते.
- काठी अडकवायची पट्टी किंवा क्लॅम्प. पाडव्याला गुढीसाठी ग्रिलला बसवलेली पट्टी असेल तर तीच वापरा, फक्त स्क्रू घट्ट करून घ्या.
- पांढरी सुती दोरी किंवा जाड नाडी. बारीक तार, सुतळी, सेलोटेप, स्टेपलर यांतलं काहीही नको.
- सुई आणि केशरी, पांढरा, हिरवा दोरा. सुटलेली शिवण वेळीच घालायला.
- स्वच्छ सुती कापडाची पिशवी, झेंडा ठेवायला.
- एक कोरडी चादर. हिचं काम सहाव्या पायरीवर.

३. झेंडा निवडताना

फुटपाथवर सगळे झेंडे सारखेच दिसतात, पण बरेचसे चुकीचे असतात. हातात घेऊन पुढच्या गोष्टी पाहा.

आकार आधी. लांबी रुंदीच्या दीडपट हवी, म्हणजे ३:२. २ फूट रुंद असेल तर ३ फूट लांब. जवळजवळ चौकोनी किंवा पट्टीसारखे लांबुळके झेंडे सर्रास विकले जातात, ते ठेवून द्या. संहितेत नऊ मापं दिली आहेत. सर्वांत मोठं ६३०० × ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटर. घरासाठी ९०० × ६०० (साधारण ३ × २ फूट) सोयीचं. छोट्या खिडकीला ४५० × ३०० पुरे होतं. टेबलावर ठेवायचा असेल तर १५० × १००. बंगल्याच्या गच्चीवर १३५० × ९०० शोभतो, पण त्याला वारा जोरात लागतो, तेवढी भक्कम काठी नसेल तर हट्ट करू नका.

मग पट्टे. तिन्ही एकाच रुंदीचे. केशरीच्या जागी लाल किंवा भडक नारिंगी नको. मधल्या पट्ट्यावर गडद निळ्या रंगाचं अशोकचक्र, आरे २४. दुकानात उभं राहून मोजायला लाजू नका, २० किंवा २२ आऱ्यांची चक्रं मी पाहिली आहेत. चक्र अंडाकृती झालेलं नाही ना, पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर आहे ना आणि दोन्ही बाजूंनी दिसतं ना, तेही तपासा. एकाच बाजूने छापलेला, मागून फिकट दिसणारा झेंडा घेऊ नका. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने झेंडा स्वीकारताना या गोष्टी ठरवल्या आहेत, छापखान्याच्या सोयीने त्या बदलत नाहीत.

झेंड्यावर अक्षरं नकोत. घोषणा नको, नेत्याचा फोटो नको, ‘सौजन्य’ तर अजिबात नको. निवडणुकीच्या वर्षी हे फुकटात वाटले जातात आणि फुकट आहे म्हणून लावले जातात.

कापडाचं काय? पूर्वी हातमागावरची, हाताने कातलेली खादीच चालायची. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर बनवलेला आणि पॉलिएस्टरचा झेंडाही चालतो. आता सूत, पॉलिएस्टर, लोकर, रेशीम, खादी यांतला कुठलाही घ्या. माझं मत विचाराल तर पावसात बाहेर लावायला पॉलिएस्टर आणि २६ जानेवारी, १ मे यांसाठी खादी. पॉलिएस्टर लवकर सुकतं. खादी भिजली की जड होते, काठीला चिकटून बसते, पण कोरड्या वाऱ्यात तिच्यासारखं काही फडकत नाही. खादी घ्यायची असेल तर खादी भांडारात जा. आपल्याकडे नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते, कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीला मोठं केंद्र आहे. साधा पॉलिएस्टरचा झेंडा टपाल खात्यातही मिळतो. २०२२ मध्ये ३० × २० इंची झेंडा पोस्टात २५ रुपयांना होता. राष्ट्रध्वजावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा.

प्लास्टिकचा झेंडा घ्यायचाच नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत प्लास्टिकचे झेंडे नावानिशी आहेत. मुलांसाठी कागदी घ्या, तेही मोजून. दहा मुलांना पन्नास झेंडे आणले की उरलेले जिन्यात सापडतात.

४. जागा ठरवा

जागा मानाची हवी आणि झेंडा स्पष्ट दिसायला हवा, एवढंच संहिता म्हणते. घरात याचा अर्थ असा: कपडे वाळत घालायच्या दोरीखाली नको, एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर नको (सततच्या गरम वाऱ्याने कापड लवकर खराब होतं), कुंड्यांच्या पाण्याचा ओघळ येतो तिथे नको. काठी तिरपी बाहेर काढाल तेव्हा झेंडा खाली झुकून शेजारच्यांच्या पत्र्याला घासणार नाही हे पाहा. जमिनीला, फरशीला, पाण्याला तो लागता कामा नये.

गच्चीवर किंवा अंगणात लोखंडी पाइप उभा करताय? आधी वर बघा. विजेची तार जवळून जात असेल तर जागा बदला. ओला लोखंडी पाइप हातात धरून उभा करताना तोल जातो, पाइप तारेवर कलतो आणि माणूस जागेवर जातो. अशा बातम्या दर वर्षी १५ ऑगस्टच्या आसपास येतात. हे काम दोघांनी, उजेडात, पाऊस थांबलेला असताना आणि शक्यतो बांबूच्या काठीने करा.

त्याच काठीवर दुसरा झेंडा नको. आपल्याकडे हा प्रश्न खराच उभा राहतो, कारण गच्चीवरच्या काठीला आधीच भगवा असतो किंवा दहीहंडीच्या पताका बांधलेल्या असतात. तिरंग्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी दुसरा झेंडा, पताका नको. दुसरा झेंडा ठेवायचाच असेल तर वेगळ्या काठीवर, खालच्या उंचीवर. काठीच्या टोकावर हार, फुलं, नारळ, बोधचिन्ह काहीही लावायचं नाही. झेंडूचा हार काठीला गुंडाळायची हौस सगळ्यांनाच असते. तो हार खाली ठेवलेल्या प्रतिमेला घाला.

५. कुठली बाजू कुठे

काठी सरळ उभी असेल तर प्रश्नच नाही, केशरी वर. घोळ होतो तो बाकीच्या दोन प्रकारांत.

काठी बाल्कनीतून किंवा खिडकीतून तिरपी अथवा आडवी बाहेर काढली असेल तर केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या टोकाकडे आणि हिरवा तुमच्याकडे. बांधताना काठी घरात आडवी धरलेली असते, म्हणून उलटं होतं. सोपा उपाय: बांधून झालं की काठी क्षणभर उभी धरा. केशरी वर आला तर बरोबर.

भिंतीवर आडवा लावला तर केशरी वर. उभा लावला, म्हणजे पट्टे वरून खाली आले, तर समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडे केशरी. बाल्कनीच्या कठड्याला उभा लावताना तुम्ही आतून, रस्त्याकडे तोंड करून उभे असता. तेव्हा केशरी तुमच्या उजव्या हाताला यायला हवा. दोरी बांधण्याआधी कुणाला तरी खाली उभं करून विचारून घ्या.

कठड्यावर झेंडा नुसता टाकू नका. तो चादरीसारखा पांघरलेला दिसतो आणि तशा वापराला मनाई आहे. वरची कड ताणून दोन्ही कोपरे बांधा. खिळे, टाचण्या, पिना कापडातून आरपार घालायच्या नाहीत, कडेच्या नाडीला किंवा कड्यालाच दोरी बांधा.

सोसायटीच्या खांबावर झेंडा बांधायची वेळ आली तर

नव्या माणसाच्या गळ्यात हे काम हमखास पडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पाहुणे दोरी ओढतात, झेंडा उघडत नाही, सगळे माना वर करून उभे आणि माइकवर कुणीतरी ‘थोडं जोरात, साहेब’ म्हणतंय, हे दृश्य प्रत्येकाने पाहिलेलं असतं. ते टाळता येतं.

आदल्या दिवशी खांबावरची कप्पी फिरते का पाहा, गंजली असेल तर तेल द्या. दोरी सुती असेल तर पावसात फुगून गाठ आवळली जाते. नायलॉनची असेल तर गाठ वर जाताजाताच सुटते. मी सुती दोरी वापरतो आणि ती सकाळपर्यंत घरात कोरडी ठेवतो.

झेंड्याच्या केशरी कोपऱ्याचं कडं दोरीच्या वर जाणाऱ्या टोकाला बांधा, हिरव्या कोपऱ्याचं खालच्या टोकाला. इथे पक्की गाठ. दोन जणांनी झेंडा आडवा धरून त्याच्या घड्या घाला, आत मूठभर पाकळ्या ठेवा. याला परवानगी आहे. एरवी झेंड्यात काही गुंडाळून नेता येत नाही, पण स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन अशा प्रसंगी फडकवण्याआधी पाकळ्या चालतात. ओल्या पाकळ्या घेऊ नका, कापडाला डाग पडतात. आता घडी दोरीच्या बाजूकडे गुंडाळत आणा आणि खालच्या दोरीचे तिच्याभोवती दोन वेढे घ्या. वेढे सैल. शेवटी दोरीचं टोक न ओवता, दोरी दुमडून तिचा छोटा फास वेढ्याखाली सरकवा. खालून ओढ बसली की हा फास निसटतो आणि वेढे सुटतात. टोकच ओवलं तर ती खरी गाठ झाली, मग कितीही ओढा.

एकदा खालीच, हातात धरून ओढून पाहा. मग परत बांधा आणि वर चढवा. कुठली दोरी ओढायची आहे तिला खाली एक छोटी खूण करून ठेवा, कारण प्रमुख पाहुणे नेमकी दुसरी ओढतात.

पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात आणि २६ जानेवारीला वर बांधलेला उलगडतात, हा मेसेज दर वर्षी येतो. लाल किल्ल्यावर आणि कर्तव्यपथावर तसं होतं खरं. सोसायटीत तुम्ही कुठल्याही पद्धतीने केलंत तरी त्यात अवमान नाही. वर चढवताना झपकन, उतरवताना सावकाश, एवढं पाळा. राष्ट्रगीत चालू असताना दोरी बांधत बसू नका, हातात धरून सावधान उभे राहा.

६. रात्र आणि पाऊस

पूर्वी सूर्योदय ते सूर्यास्त हा नियम होता. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला झेंडा दिवसरात्र ठेवायला परवानगी मिळाली. त्यामुळे सूर्यास्ताला उतरवला नाही म्हणून कुणी दम देत असेल तर ऐकून घ्यायचं कारण नाही.

पण परवानगी आहे म्हणून तो महिनाभर ठेवायचा असं नाही. फाटका, चुरगळलेला, मळका झेंडा लावणं आजही संहितेविरुद्धच आहे आणि ऑगस्टमधल्या कोकणात किंवा मुंबईत ती अवस्था यायला दोन दिवस पुरतात. मी स्वतःसाठी ठरवलेला नियम असा: पाऊस सलग सुरू झाला की झेंडा आत, उघडीप झाली की परत बाहेर. आणि लावतानाच उतरवायची तारीख ठरवायची. फोनमध्ये गजर लावा, नाव लिहा, घरातल्या कुणा एकाकडे काम द्या. गावाला जायचं असेल तर निघण्याआधी उतरवा. बंद घराच्या बाल्कनीतला झेंडा काढायला शेजाऱ्याला कुंपण ओलांडून जाता येत नाही.

भिजलेला झेंडा पिळू नका. आत आणून कोरड्या चादरीवर पसरा, वरून चादरीची दुसरी बाजू टाकून हलक्या हाताने दाबा, मग पंख्याखाली दोरीवर आडवा वाळू द्या. चादर यासाठी. सरळ फरशीवर पसरायचा नाही. उन्हात वाळवला तर केशरी आधी उडतो.

धुतला तर चालतो का, असं हळू आवाजात विचारतात. मळका लावण्यापेक्षा धुतलेला कधीही बरा. वेगळ्या स्वच्छ बादलीत, थंड पाण्यात, सौम्य साबणाने, फक्त झेंडाच. मशीनमध्ये इतर कपड्यांसोबत नको. खादीचा असेल तर आधी हिरव्या पट्ट्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग सुटत असेल तर पूर्ण धुऊ नका, पांढरा पट्टा आणि चक्र दोन्ही खराब होतील. इस्त्री पॉलिएस्टरला अगदी कमी, वर सुती कापड ठेवून.

७. घडी आणि साठवण

केंद्र सरकारने सांगितलेली घडी अशी: झेंडा आडवा धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडा. पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी मध्याकडे असा दुमडा की वर फक्त अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याचे थोडे भाग दिसतील. घडी झालेला झेंडा दोन्ही तळव्यांवर किंवा हातांवर घेऊन ठेवायला न्या. दोघं असले तर सोपं जातं, एकट्याने करायचं तर पलंगावर चादर घालून करा.

ठेवताना पूर्ण सुकलेला हवा. शंका असली तर आणखी एक दिवस पंख्याखाली. पावसाळ्यात कपाटात गेलेल्या दमट कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. सुती पिशवी, प्लास्टिकची नको. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवून ठेवू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवा. कपाटाचा वरचा खण द्या. माळ्यावर, चपलांच्या कपाटावर किंवा दिवाळीच्या कंदिलाच्या खोक्यात झेंडा सापडतो आणि मग ‘अरे, इथे होता होय’ असं म्हणतात, ते नको. २६ जानेवारीच्या आधी आठवडाभर काढून शिवणी तपासा.

एका झेंड्याबद्दल वेगळं सांगायला हवं. सातारा, कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांत, आपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत, घरातल्या जवानाच्या अंत्यविधीनंतर सुपूर्द केलेला तिरंगा असतो. शवपेटीवर झेंडा घालायचा मान शासकीय, लष्करी आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्यविधीपुरताच आहे. तो झेंडा चितेत जात नाही की थडग्यात उतरवत नाहीत. असा झेंडा फडकवू नका, धुऊही नका. काचेच्या चौकटीत ठेवायचा असेल तर कापड काचेला चिकटू नये एवढं अंतर सुताराकडून ठेवून घ्या, मागे सुती कापड लावा आणि चौकट थेट उन्हाच्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. घरातल्या इतर कुणाच्या निधनानंतर, तो माणूस कितीही मोठा असला तरी, आपण होऊन पार्थिवावर तिरंगा घालायचा नाही. घरावरचा झेंडा अर्ध्यावर उतरवायचाही नाही, तो सरकारच्या आदेशाने उतरतो.

८. हे करायचं राहू द्या

गाडीवर झेंडा लावायचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरावीक पदांना आहे. आपल्या बॉनेटवर, टपावर तिरंगा पसरणं तर कायद्यातच बसत नाही. बाइकच्या हँडलला बांधलेला कागदी झेंडा वाऱ्याने पहिल्या पुलावरच फाटतो आणि रस्त्यावर पडतो, तोही नको.

कमरेखालच्या कपड्यावर, उशीवर, रुमालावर, नॅपकिनवर झेंडा छापलेला किंवा भरतकाम केलेला चालत नाही. टेबलावर अंथरायचा नाही, तोरण किंवा पताका करायच्या नाहीत. त्यासाठी नुसत्या तीन रंगांचं, चक्र नसलेलं कापड बाजारात मिळतं. चक्रासहित रांगोळी जमिनीवर, येण्याजाण्याच्या वाटेवर काढू नये असं माझं स्वतःचं मत आहे, तसा नियम मी दाखवू शकणार नाही. तिरंगी केकवरून मात्र शेजाऱ्याला धमकावू नका. चक्र असलेला तिरंगी केक कापल्याचं प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं होतं आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यात अवमान नाही असं सांगितलं.

परदेशात राहणाऱ्यांसाठी: तिथल्या देशाच्या झेंड्यासोबत तिरंगा लावायचा असेल तर दोन वेगळ्या काठ्या, सारखं माप, सारखी उंची. एका काठीवर खाली-वर दोन देशांचे झेंडे कधीच नाहीत. भाड्याच्या घरात बाहेर काही टांगण्यावर बंधनं असतात, तेव्हा घरमालकाचा करार आधी वाचा. खिडकीच्या आतून लावलेला झेंडा बहुतेक वेळा अडचणीत आणत नाही.

९. झेंडा जीर्ण झाला की

एखादी शिवण सुटली असेल तर दुरुस्त करा. कडा विरल्या, रंग उडाला, भोक पडलं तर थांबा. कापून लहान करायचा नाही, फडकं करायचं नाही. संहितेप्रमाणे खराब झेंडा पूर्णच्या पूर्ण, खासगीत, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राहील अशा दुसऱ्या रीतीने नष्ट करावा.

खादी किंवा सुती असेल तर अंगणात किंवा गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात, लोखंडी घमेल्यात, घडी घालून जाळा. पूर्ण राख होईपर्यंत थांबा आणि राख झाडाच्या मुळाशी घाला. लोकांसमोर नको, व्हिडिओ तर मुळीच नको. लोकांच्या नजरेसमोर जाळणं हाच कायद्यातला गुन्हा आहे, हेतू चांगला होता हे व्हिडिओ पाहणाऱ्याला कळत नाही.

पॉलिएस्टरचा झेंडा फ्लॅटमध्ये जाळू नका. तो वितळून थेंब गळतात, धूर घशात बसतो. त्याला स्वच्छ सुती कापडात गुंडाळून सोसायटीच्या बागेत किंवा गावच्या परसात, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल पुरा. सोसायटीतले सगळ्यांचे जीर्ण झेंडे एकत्र करून एकाच खड्ड्यात पुरले तर माळीबुवांना एकदाच सांगावं लागतं.

नदीत, खाडीत, विहिरीत सोडायचा नाही. आपल्याला विसर्जनाची सवय, त्यामुळे निर्माल्य कलशातही झेंडे टाकलेले दिसतात. तो कलश खताला जातो किंवा कचऱ्याच्या गाडीत उपसला जातो, तिथून झेंडा कुठे पडेल ते तुमच्या हातात राहत नाही.

कागदी झेंड्यांचंही तेच, ते फक्त लवकर करायचं. १५ तारखेला दुपारी कार्यक्रम संपल्या संपल्या एका मुलाच्या हातात पिशवी द्या आणि जिना, गेट, पार्किंग, बाहेरचा फुटपाथ फिरून यायला सांगा. काडीला स्टेपल केलेले असतील तर पिना काढून घ्या. उचलताना मोजू द्या, म्हणजे पुढच्या वर्षी किती आणायचे तेही कळतं.